दोन जवळ, एक लांब

१

मी चार ठिकाणी सांगितलं आणि चारही ठिकाणी मला आधी पाणी प्यायला दिलं. माणूस खोटं बोलतोय असं वाटलं तर लोक दरडावतात. डोक्यावर परिणाम झालाय असं वाटलं तर पाणी देतात. माझं पाणी पिऊन झाल्यावर कचेरीतले साहेब म्हणाले, बाई, दोन दिवस पडून राहा, म्हणजे सगळं नीट आठवेल. मला सगळं नीटच आठवतंय. त्यांनाच ते नको आहे. म्हणून लिहिते आहे. चौथीपर्यंत शिकले आहे, अक्षर वेडंवाकडं आहे, पण वाचता येतं.

आधी आमचं काम सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

वरच्या पठारावरच्या बाजारापासून खाली बंदरापर्यंत व्यापाराची जुनी वाट आहे. पूर्वी तिच्यावरून तांडे जायचे. उतरताना धान्य आणि कापड, चढताना मीठ. आता डांबरी रस्ता झाला, माल ट्रकने जातो आणि वाटेवर हौशी लोक चालतात. नऊ दिवस लागतात. पाठीवर बिऱ्हाड, दोन्ही हातांत काठ्या, आणि नाकासमोर हातभर बाण असताना विचारतात, अहो बाई, वाट हीच ना. मी म्हणते, नाही, तुमच्यासाठी आत्ताच हलवली.

ते पिवळे बाण दर वर्षी हंगामाच्या आधी नव्याने रंगवायला लागतात. ते काम माझं आणि माझ्या बहिणीचं. अकरा वर्षं आम्ही दोघीच करतोय. वाटेवर सगळे मला थोरली म्हणतात, तिला धाकटी. वाटेची देखभाल बघणाऱ्या कचेरीच्या हजेरीपटावरही तेच लिहिलंय. सुरुवातीला कुणीतरी आळसाने लिहिलं, ते तसंच राहिलं.

काम दोघींनी मिळून असलं तरी दिवसभर आम्ही एकमेकींना दिसत नाही. पुढची पाणी मारून तारेच्या ब्रशने दगड घासते. शेवाळ आणि जुना रंग निघाला की त्या जागी खडूने रेघ ओढते, बाण कुठे वळवायचा त्याची. दगड ओला असताना रंग धरत नाही, म्हणून मागचीने अर्धा तास मागून यायचं. ती पत्र्याचा साचा लावते, रंग मारते, पुढे जाते. पुढची म्हणजे धाकटी. मागची मी.

प्रत्येक दगड झाला की धाकटी ब्रशच्या लाकडी मुठीने दगडावर तीनदा वाजवायची. दरीत आवाज लांब जातो. मी माझ्या ब्रशने तीनदा वाजवून उत्तर द्यायचे. म्हणजे दोघी धड आहोत. तिचं वाजवणं मला झोपेतही ओळखू येईल. दोन जवळ, एक लांब. टक टक, मग जरा थांबून, टक. अकरा वर्षांत एकदाही चुकलं नाही.

आणि एक नियम होता. वाटेचा विचार पुढचीने करायचा. कुठे दरड कोसळली, कुठे ओढ्याने काठ खाल्ला, तर कचेरीतून फोन तिला यायचा आणि ती वाट वळवायची. मागचीने डोकं चालवायचं नाही. दगड घासलेला दिसला की बाण काढायचा. हा नियम मीच केला होता, कारण पहिल्या वर्षी दोघींनी डोकं चालवलं आणि एका दिवसाचं काम पुसून पुन्हा करावं लागलं.

२

या वर्षी धाकटीला यायचं नव्हतं. तिच्या मुलीचे दिवस भरत आले होते, आणि तिचा डावा गुडघा उन्हाळ्यापासून कुरकुरत होता. मी तिला ओढून आणलं. ओढून म्हणजे बोलून. माझ्या बोलण्याला हातापेक्षा जोर आहे असं घरात म्हणतात.

पाचव्या मुक्कामाची सराई जुनीच आहे, कचेरीने छप्पर बदललं आणि आत लोखंडी खाटा टाकल्या. तिथे एक म्हातारा राखणदार असतो. कमी बोलतो, चहा बरा करतो. सहाव्या दिवशी सकाळी मी उठले तर धाकटी खाटेच्या कडेला बसून गुडघा चोळत होती. गुडघा सुजून गुळगुळीत झाला होता.

ती म्हणाली, "आज माझ्याच्याने व्हायचं नाही. मी खालच्या रस्त्यावरून गाडी धरते. पोरीकडे जाते."

मी म्हटलं, एकटीने घासून रंगवायचं तर चार दिवसांचे आठ होतील, आणि पहिली टोळी परवा निघते आहे. ती गुडघा चोळतच राहिली. मग जे बोलायचं नव्हतं ते बोलले. तेही लिहिते.

"तुझ्या पोरीला बाळंत व्हायला तुझा गुडघा लागतो का?"

राखणदार चहा ओतत होता, त्याचा हात थांबला. धाकटीने माझ्याकडे नीट पाहिलं. रागाने नाही. एखादा दगड घासायचा की सोडायचा हे ठरवताना ती जशी बघायची, तशी.

"तू मोठ्याने बोलतेस म्हणून मी ऐकते," ती म्हणाली. "खरं बोलतेस म्हणून नाही."

मग तिने निळं जाकीट चढवलं, पाण्याचा कॅन आणि ब्रश उचलला आणि लंगडत बाहेर पडली. तेव्हा सात वाजले होते. मी रंग ढवळला, डबा भरून घेतला, साडेसातला निघाले. जाताना राखणदाराला म्हटलं, संध्याकाळपर्यंत ठीक होईल ती, तिचं असंच असतं. त्याने कप विसळला.

३

सराईच्या मागे एक टेकडी आहे. वाट तिला वळसा घालून जाते. पहिले पाच दगड त्या वळशावर आहेत. पाचही नीट घासलेले, कडेने अजून ओलसर, खडूची रेघ थोडी थरथरती. गुडघ्यावर भार देता येत नसेल, वाकून रेघ ओढताना हात हलला असेल. मी पाच बाण काढले. मनात म्हटलं, दुपारी डबा खाताना काहीतरी बोलून घेऊ. माफी मागायची मला सवय नाही. माझ्या डब्यातलं तिला आधी वाढलं की ती समजायची.

पाचव्या दगडाच्या वेळी पुढून वाजलेलं नाही हे माझ्या लक्षात आलं होतं. म्हटलं, रुसली आहे.

मग वाजलं. पुढून, बऱ्याच लांबून. टक, टक, टक.

तिन्ही सारख्या अंतरावर.

मी हातातला ब्रश तसाच धरून उभी राहिले. मग स्वतःलाच सांगितलं, रागात आहे, रागात माणसाचा हात वेगळा पडतो. दरीत आवाज फिरतो, मधलं अंतर खातो. मी उत्तर दिलं. लगेच पुन्हा वाजलं. टक, टक, टक. असं कधी होत नसे. उत्तराला उत्तर द्यायची आमची पद्धत नव्हती.

सहावा दगड कोरडा होता. दगड कडेपर्यंत कोरडा, मुळाशी माती कोरडी, कुठे थेंब नाही. पण घासलेला होता. इतका घासलेला की तारेचा एक ओरखडाही दिसत नव्हता. आम्ही घासतो तेव्हा दगड खरखरीत होतो, रंग धरण्यासाठी तसाच लागतो. हा गुळगुळीत होता, जुन्या उंबऱ्याचा मधला भाग होतो तसा. आणि जागा खाली होती. धाकटी छातीच्या उंचीवर घासायची, चालणाऱ्याच्या नजरेत यावा म्हणून. हा माझ्या कमरेशी होता. ओझ्याचं जनावर जवळून गेलं तर त्याच्या पाठीवरची गोणी जिथे घासेल तिथे.

मी विचार केला, गुडघ्यामुळे ती बसून घासत असेल. बसून घासलं तर जागा खालीच येणार. पाणी संपलं असेल, म्हणून कोरडा. हे मी तेव्हा खरंच मानलं. आज लिहिताना मला माझीच चीड येते, पण तेव्हा प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे कारण होतं.

साचा लावायला हात टेकला तर दगड कोमट होता. त्या वाटेला दहापर्यंत ऊन येत नाही.

बाण काढला आणि पुढे गेले. सातवा, आठवा, नववा, सगळे तसेच. रंग धरत नव्हता, ओघळत होता, मी दोन दोन हात मारले. रेघ मात्र सरळ होती, जराही थरथर नाही. एकदा रेघेवर बोट फिरलं आणि ते मी ओठावर आलेला घाम पुसायला नेलं. खारट लागलं. घाम खारटच असतो. पण खडू असा दाणेदार नसतो.

४

अकराव्या दगडाशी वाट उजवीकडे खिंडीत चढते. अकरा वर्षं तिथला बाण उजवीकडे आहे. त्या दिवशी रेघ डावीकडे होती.

डावीकडे एक अरुंद दरी खाली जाते. तिथे वाट असल्याचं मला कधी आठवत नाही, काटेरी झुडपं होती. त्या दिवशी झुडपं नव्हती. फरसबंदी होती, मधोमध झिजून पन्हाळीसारखी झालेली.

मी थांबले. खूप वेळ थांबले, कुणाला काय वाटायचं ते वाटो. पण पुढून वाजत होतं. आणि गेल्या पावसाळ्यात खिंडीतली दरड सुटली होती हे मला माहीत होतं. कचेरीतून धाकटीला फोन आला असेल, वाट वळवा म्हणून. माझ्याकडे फोन नसतो. मागचीने डोकं चालवायचं नाही. आणि सकाळी मी जे बोलले होते त्यानंतर, तू वाट का वळवलीस असं विचारायला जायचं माझं तोंड नव्हतं. साचा डावीकडे धरला आणि बाण काढला.

त्या दरीत किती दगड रंगवले ते आकड्यात सांगता येणार नाही. रंगाचा डबा हातात हलका होत गेला, तेवढं कळत होतं. पाखराचा आवाज नव्हता. माझ्या पावलांचा आवाज यायचा, पण जरा उशिरा, आणि जड. मी उभी राहिले की तोही राही. म्हटलं, दोन्हीकडे कातळ आहे, प्रतिध्वनी आहे. मग पुढून वाजे आणि मी उत्तर देई. मी उत्तर दिलं की पुढचा आवाज जरा जवळ येतो हे कळायला मला फार वेळ लागला.

तिथे मी पहिल्यांदा हाक मारली. "अगं ए, थांब जरा."

ब्रश घासल्याचा आवाज आला. खर्र, खर्र. तारेचाच. धाकटीचाच. लांब ओढून, मग दोनदा आखूड. मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

५

वळणापलीकडे सराई होती. यादीत नऊ सरायांची नावं आहेत, मला पाठ आहेत. ही त्यांत नाही.

दगडी, बसकी, छप्पर शाबूत. पुढे अंगण, अंगणात जनावरांना पाणी पाजायच्या दगडी कुंड्या, भिंतीत दावं अडकवायच्या लोखंडी कड्या. कड्या झिजून पातळ झालेल्या. अंगण झाडलेलं होतं. केरसुणीच्या रेघा दिसत होत्या, आणि त्यांवर एकही पाऊल नव्हतं. धाकटीचंही नाही. हे मी पाहिलं. पाहूनही पुढे गेले, कारण आतून ब्रशचा आवाज येत होता.

दाराच्या दगडी चौकटीवर घासलेली जागा होती. तिच्यावर रेघ. आत जाणारी.

आता जे लिहिते ते मी चार ठिकाणी सांगितलेलं नाही. मी तिथेही बाण काढला. हाताला सवय होती. दगड घासलेला, रेघ ओढलेली, हात आपोआप साच्याकडे गेला. चांगला ठसठशीत आला. त्या दगडाने रंग लगेच धरला.

मग आत गेले. एकामागे एक तीन खोल्या, दारं एका रेषेत. पहिलीत काही नव्हतं. भिंतीचा दगड मात्र चारही बाजूंनी, कमरेच्या उंचीवर, आरशासारखा झिजलेला. जणू त्या खोलीत कुणीतरी भिंतीला घासून गोल गोल फिरत होतं, आणि पुष्कळ वर्षं फिरत होतं. दुसऱ्या खोलीत तसंच. तिथे ओझी उतरवून ठेवल्यावर येतो तसा वास होता, घामाचा, गोणपाटाचा. भरदुपारचं ऊन कौलांच्या फटीतून जमिनीवर पडलं होतं. मी त्या उन्हात उभी राहिले. पुढे सरकले नाही.

तिसऱ्या खोलीत ती होती. पाठमोरी. निळं जाकीट, डोक्याला रुमाल, डाव्या गुडघ्यावर भार न देता उभी. भिंत घासत होती. खर्र, मग दोनदा आखूड.

तिच्या हातात ब्रश नव्हता.

उघडा तळहात भिंतीवरून फिरत होता आणि तारेचा आवाज येत होता. एवढंच मी पाहिलं. तोंड पाहिलं नाही. ती वळायला लागली होती का हेही मला सांगता येणार नाही, मी हातच बघत होते.

आणि तेव्हा मागून वाजलं. लांबून, मी आले त्या दरीच्या तोंडाकडून, हळू, दमलेल्या हाताने.

टक टक. टक.

भिंतीवरचा हात थांबला.

पुन्हा वाजलं. दोन जवळ, एक लांब. माझ्या हातात ब्रश होता, बाजूला दगडी भिंत होती. तीनदा वाजवलं असतं तर माझ्या बहिणीला कळलं असतं की मी कुठे आहे. पण ते त्या खोलीतल्यालाही कळलं असतं. ते अजून भिंतीकडे तोंड करून ऐकत होतं. आणि माझ्या मनात हेही आलं, की मागचा आवाज तरी खरा कशावरून? सकाळपासून मी एका आवाजाला फसले, दुसऱ्यालाही फसेन. मनाने लगेच कारण दिलं. माझं मन कारण द्यायला फार तयार आहे.

तिसऱ्यांदा वाजलं. मी ब्रश छातीशी घट्ट धरला, वाजू नये म्हणून.

मग पाठीने मागे सरकत पहिल्या खोलीत आले. तिथे बाजूची भिंत एका जागी ढासळलेली होती, त्या फटीतून बाहेर पडले आणि सरळ उतारावर चढले. वाटेने गेले नाही. वाटेवर माझे बाण होते, आणि मला ते बघायचे नव्हते. रंगाचा डबा दंडात अडकवून, काट्यांतून, हातापायांनी चढले. खालून काही आवाज आला का असं साहेबांनी विचारलं. आला नाही. तेच सांगते आहे. मग खालून काहीच आवाज आला नाही.

६

चार वाजता पाचव्या मुक्कामाच्या सराईत पोहोचले. वर चढून मी टेकडीच्या मागच्या अंगाने उतरले होते. राखणदार अंगणात लाकडं रचत होता. त्याने माझे हात बघितले. रंग आणि रक्त.

मी विचारलं, धाकटी आली का.

"ती तर तुझ्या मागून गेली," तो म्हणाला.

मी त्याला पुन्हा सांगायला लावलं. तो कमी बोलणारा माणूस, पण त्याने सगळं सांगितलं. पाचव्या दगडाशी तिचा गुडघा पार गेला. टेकडीवरून गुरांची पायवाट खाली येते, ती धरून ती सराईत परत आली. मी त्याच वेळी वळशाने पुढे गेले होते, म्हणून चुकामूक झाली. त्याने तिचा गुडघा शेकला, पट्टी बांधली. तासभर ती खाटेवर पडली. गाडी बोलावू का असं त्याने विचारलं. ती नको म्हणाली. थोरली सगळं एकटी करत बसेल आणि वर्षभर बोलून दाखवेल, असं म्हणून हसली म्हणे. मग नऊच्या सुमाराला काठी घेऊन निघाली.

"मी म्हटलं तिला, एवढ्या मागून कशी गाठशील," राखणदार म्हणाला. "तर म्हणते, थोरलीचे बाण आहेत ना. ती तोंडाने फटकळ आहे, पण बाण कधी चुकवत नाही."

मी अंगणातच बसले. मग उठले आणि त्याला हाताला धरून निघाले. ऊन होतं तोवर आम्ही अकराव्या दगडापाशी पोहोचलो. पाचव्या दगडापर्यंत माझे बाण होते, ताजे. सहाव्यावर गेल्या वर्षीचा, उडालेला. सातव्यावर तसाच. अकराव्यावर उजवीकडचा जुना बाण, त्यावर वर्षाचं शेवाळ. डावीकडे काटेरी झुडपं, खोडं माणसाच्या मनगटाएवढी जाड, पाय टाकायला जागा नाही. सकाळी भरून घेतलेला माझा रंगाचा डबा तळाला गेला होता. राखणदाराने डब्यात बघितलं आणि पाच बाण आठवून माझ्याकडे बघितलं.

मी ब्रशने दगडावर वाजवलं. दोन जवळ, एक लांब. तिचं वाजवणं मी वाजवत राहिले, हात दुखेपर्यंत.

एकदा उत्तर आलं. झुडपांच्या पलीकडून, खालून. टक, टक, टक. तिन्ही सारखे.

राखणदाराने माझ्या हातातला ब्रश काढून घेतला. पण कचेरीत विचारलं तेव्हा म्हणाला, मला काही ऐकू आलं नाही. तिथे मी त्याला सगळ्यांसमोर खोटारडा म्हटलं. त्याने मान खाली घातली आणि पुन्हा तेच म्हणाला. त्याला त्या सराईत एकट्याला राहायचं असतं. ते मला नंतर सुचलं.

७

चार दिवस माणसं शोधत होती. झुडपं तोडली. खाली अरुंद दरी निघाली, तिच्यात काही नाही. साहेब स्वतः आले. गाडी जाते तिथपर्यंतची वाट त्यांना चांगली माहीत आहे. त्यांनी मला समजावलं की बहिणीशी भांडण झालं, मी रागात रंग सांडला, उन्हात भटकले, भोवळ आली. रंग कुठे सांडला ते दाखवा म्हटलं तर त्यांनी पाणी मागवलं.

पाचव्या दिवशी भाची आली. आठवा सरून गेलेला, चालताना कमरेला हात. आता तिच्याजवळ तिची आई असायला हवी होती, आणि त्या खुर्चीत मी बसले होते. साहेबांनी अहवालाचा कागद तिच्यापुढे ठेवला, नातेवाइकाची सही लागते म्हणून. तिने तो वाचला आणि मग माझ्यासाठी मोठ्याने वाचला. कर्मचारी धाकटी हिने स्वतःच्या निष्काळजीपणाने खुणांची वाट सोडली. खाली एक रकाना होता, चूक कोणाची, आणि त्यात टाइप केलं होतं, धाकटी.

भाची म्हणाली, "मावशी, आईने खुणा सोडल्या असतील?"

साहेब घाईने म्हणाले की थकलेलं माणूस सोडतं कधीकधी, त्यात दोष देण्यासारखं काही नाही, कागदाला काहीतरी लिहावं लागतं. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

"नाही," मी म्हटलं. "तुझ्या आईने एकही बाण सोडला नाही."

आणि मग तिला सांगितलं. चार ठिकाणी जेवढं सांगितलं तेवढं, आणि जे नाही सांगितलं तेही. दाराच्या चौकटीवर काढलेला बाण. तीनदा वाजलेलं, आणि मी छातीशी धरलेला ब्रश. सांगताना माझा आवाज नेहमीसारखाच मोठा होता, मला बारीक बोलता येत नाही. बाहेरचा शिपाई दारात येऊन उभा राहिला.

मला वाटत होतं तीही पाणी देईल. मी वाटच बघत होते पाण्याची.

तिने पाणी दिलं नाही. इतका वेळ तिचा हात माझ्या हातावर होता, तो तिने काढून पोटावर ठेवला. खुर्ची थोडी मागे घेतली, खुर्चीचे पाय जमिनीवर घासल्याचा आवाज झाला. इतक्या माणसांत तिनेच माझ्यावर विश्वास ठेवला.

"मग हे बरोबर नाही," ती कागदाकडे बघत म्हणाली. "आईचं नाव काढा इथून."

साहेब म्हणाले की टाइप झालेला कागद आहे, वर पाठवायचा आहे, आणि नाव काढलं तर रकाना रिकामा ठेवता येत नाही. भाचीने त्यांच्या खिशातलं पेन मागितलं. ते तिने माझ्यापुढे ठेवलं, हातात दिलं नाही.

मी टाइप केलेल्या नावावर आडवी रेघ मारली, सरळ, एकदाच. मग वेळ घेऊन, एकेक अक्षर सुटं काढून, रकान्यात लिहिलं: थोरली.